पाळणाघर काढताय? आधी मावशींचा पगार लिहा



गेल्या महिन्यात माझ्या नणंदेची मुलगी कोल्हापूरहून आली होती. तिचं बी.एड. झालंय, मूल तीन वर्षांचं आहे, आणि आता घरात बसवत नाही म्हणते. हातात एक गुळगुळीत रंगीत पुस्तिका होती. "मामी, मी प्रीस्कूल काढतेय, सोबत डे-केअरही. फ्रँचायझी घ्यायचा विचार आहे. तुम्ही एकदा नजर टाका."

पुस्तिका देखणी होती यात शंका नाही. पिवळ्या-निळ्या भिंती, बुटक्या खुर्च्या, घसरगुंडी, हसरी मुलं. शेवटच्या पानावर खर्चाचा तक्ता होता. नाव वापरण्याची फी, फर्निचर, खेळणी, गणवेश, बाहेरचा बोर्ड. उद्घाटनाच्या सजावटीलासुद्धा स्वतंत्र ओळ. आणि शिक्षिका, मदतनीस, आया या सगळ्यांची मिळून एकच ओळ! तिथला आकडा इतका लहान की मी चष्मा पुसून पुन्हा वाचला.

मी तिला म्हटलं, "हा कागद खालून वर लिही. आधी मावशींचा पगार लिही. फुगे सगळ्यात शेवटी."

ती हसली. मी मात्र थट्टा करत नव्हते. हीच चूक मी स्वतः केली आहे आणि तिची किंमत माझ्याकडे सोपवलेल्या एका दोन वर्षांच्या मुलाने मोजली आहे. आपल्यातल्या बऱ्याच जणी हल्ली या उद्योगाचा विचार करतात, म्हणून आज ते सगळं लिहायचं ठरवलंय.

२०१३ साली सांगलीत, आमच्याच घराच्या पुढच्या खोलीत मी पाळणाघर सुरू केलं. धाकटा शाळेत जायला लागला होता, खोली रिकामी होती, मला मुलांची आवड होती. भांडवल म्हणाल तर दोन सतरंज्या, सहा उशा आणि आमच्याच मुलांची जुनी खेळणी. सकाळी ९ ते संध्याकाळी ६, महिना १,५०० रुपये. हा आकडा कुठून आला विचाराल, तर गल्लीतल्या दुसऱ्या बाई १,६०० घेत होत्या म्हणून! महिन्याभरात सहा मुलं झाली. मदतीला एक मावशी ठेवल्या, ३,५०० रुपयांवर. मला वाटलं, वा, घरबसल्या ९,००० रुपये.

आमच्या सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांचं भुसार मालाचं दुकान होतं. एका रात्री त्यांनी मला सहज विचारलं, "किती उरतात?" मी म्हटलं, चांगले उरतात. "चांगले म्हणजे किती?" मग त्यांनीच कागद घेतला. ९,००० मधून मावशींचे ३,५०० गेले. दूध, फळं, साबण, फिनेल मिळून १,६००. वीज आणि गॅस ५००. उरले ३,४००. अण्णांनी महिन्याचे २५ दिवस, रोजचे ९ तास असे २२५ तास मांडले, भागाकार केला आणि कागद माझ्यापुढे सरकवला. तासाला १५ रुपये. "आणि यात खोलीचं भाडं धरलेलं नाही," असं म्हणून ते झोपायला गेले.

मला तेव्हा रागच आला. मुलांना सांभाळणं म्हणजे काय हरभऱ्याचं पोतं आहे का, असं मनात आलं. माया करायची आणि तिचा तासाचा भाव काढायचा? मी तो कागद कपाटात टाकला आणि होतं तसं चालू ठेवलं.

पुढे सात-आठ महिन्यांनी मावशी म्हणाल्या, "ताई, मी पुढच्या एक तारखेपासून येणार नाही." एका रुग्णालयात आयाचं काम मिळालं होतं, हजार रुपये जास्त. त्यांच्या घरी सून बाळंत होणार होती, त्यांना हजार रुपयांची गरज होती. त्यांचं काहीच चुकलं नाही. मी म्हणाले, थांबा हो मावशी, पाचशे वाढवते. पाचशेच म्हणाले मी, कारण तेवढेच शक्य होते.

आमच्याकडे दोन वर्षांचा एक मुलगा होता. आई बँकेत, वडील फिरतीवर. तो दुपारी फक्त मावशींच्या मांडीवर झोपायचा, त्यांच्या पदराचं टोक मुठीत धरून. दाराजवळ एका खिळ्याला मावशींची कापडी पिशवी असायची. त्या गेल्यावर तो रोज सकाळी आला की त्या खिळ्याखाली जाऊन उभा राहायचा. रडायचा नाही. नुसता वर बघायचा. चार दिवसांनी दुपारचं झोपणं थांबलं, आठवड्याभरात जेवण निम्म्यावर आलं. मी स्वतः मांडीवर घेतलं तर अंग ताठ करायचा. मी नवीन बाई आणली, ती दीड महिना टिकली. दुसरी वीस दिवस. तिसरी बरी होती, पण तोवर तो कुणाच्याच जवळ जाईनासा झाला होता. शेवटी त्याच्या आईने बिनपगारी रजा काढली आणि त्याला घेऊन गेल्या. जाताना मला एक शब्द बोलल्या नाहीत, उलट "तुम्ही खूप केलंत" म्हणाल्या. ते जास्त लागलं.

त्या रात्री मी अण्णांचा कागद बाहेर काढला.

माझं मत तेव्हापासून पक्कं आहे. पाळणाघरात पालक आपल्याकडून जे विकत घेतात ते म्हणजे रोज सकाळी दारात दिसणारा तोच चेहरा. भिंतींचे रंग दुय्यम, खेळणी दुय्यम, बडबडगीतांचा मोठा टीव्ही तर नसलेलाच बरा. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला आईपासून दूर नऊ तास काढायचे असतात तेव्हा त्याला एक ओळखीची मांडी लागते. ती मांडी आज एकीची, उद्या दुसरीची असून चालत नाही. आणि ती बाई टिकते पगारावर. मायेवरही टिकते, पण घरात सून बाळंत होईपर्यंतच.

आता थोडं आपल्याबद्दल बोलते, राग मानू नका. आपली बहुतेक घरं व्यापारी. दुकानात बसणारा एक तरी माणूस दाखवा, जो खरेदी, हमाली, तूट न धरता भाव सांगतो. दुकानात तूट धरायची हे पोराटोरांनाही माहीत. पण घरातल्या बाईने काही सुरू केलं, मग ते पापड असोत, शिकवणी असो की पाळणाघर, तिथे आपली वही बंद होते. आपला वेळ फुकट, आपली खोली फुकट, आपला गॅस घरखर्चात. वर कुणीतरी म्हणतंच, "लहान मुलांचं करणं म्हणजे पुण्याचं काम." असेल. मी दान देण्याच्या विरोधात मुळीच नाही. पण दान द्यायचं तर आपल्या खिशातून द्यावं. मी १,५०० रुपये फी ठेवून जे 'पुण्य' करत होते, ते मावशींच्या पगारातून करत होते. हे समजायला मला एक वर्ष लागलं.

मी नव्याने मांडलेला हिशोब जसाच्या तसा देते. आकडे २०१४ सालचे आहेत, आज सगळेच वाढलेत, पण मांडणी तीच ठेवा.

सुरुवात मुलांपासून केली. दोन वर्षांखालची चार मुलं एका बाईला पुरे, हा माझा अनुभव. दोन ते सहा वयाची सहा मुलं दुसरीला. तिसरी मी. स्वयंपाकघर, शी-शू, दारावर येणारे-जाणारे आणि एखादीची सुट्टी सांभाळायला. म्हणजे दहा मुलं. अकरावं घ्यायचं नाही, कितीही ओळखीतलं असलं तरी. दोन मावशींचे प्रत्येकी ६,००० म्हणजे १२,०००. दूध, फळं, साबण, औषधाची पेटी ३,०००. वीज-गॅस १,२००, कारण आपल्याकडे पाणी उकळून गाळूनच द्यायचं आणि दहा मुलांचं पाणी उकळायला सिलिंडर बघता बघता संपतो. खोलीचं भाडं २,३००, जे मी आमच्याच घराला द्यायला लागले. अडीअडचणीला १,५०० बाजूला. आणि माझे ८,०००. बेरीज २८,०००. भागिले दहा.

फी २,८०० निघाली. जवळजवळ दुप्पट.

अडीअडचणीच्या त्या १,५०० बद्दल थोडं जास्त सांगते, कारण नव्या मुली इथेच फसतात. मे महिना आला की निम्मी मुलं आजोळी जातात आणि पालक म्हणतात, मूल आलंच नाही तर फी कसली? पण मावशींना मे महिन्यातही भूक लागते. म्हणून बाराही महिन्यांची फी, हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहून द्यायचं. शिवाय मावशींना महिन्याला दोन भरपगारी सुट्ट्या. आजारी मूल आलं तर परत पाठवायचं, आणि आजारी मावशी आल्या तर त्यांनाही, पगार न कापता. कापलात तर त्या तापातही येतील आणि दहा मुलांना ताप देतील.

नवी फी सांगितली तेव्हा सहातली दोन मुलं गेली. खरी बोलणी बस्तीत बसली. "आपल्यातलीच आहे, आणि एवढे घेते?" दर्शनाला जाताना मी महिनाभर बायकांच्या नजरा चुकवत होते, खोटं कशाला सांगू. एका काकूंनी तर तोंडावर विचारलं, की तुझ्या घरी काय कमी आहे? मला उत्तर सुचलं नाही. आज सुचतं. माझ्या घरी कमी नव्हतं, मावशींच्या घरी होतं.

दहा मुलं भरायला आठ महिने लागले. ते आठ महिने माझे आठ हजार कधी तीन व्हायचे, कधी शून्य. हेही सुरू करण्याआधी धरून चाला. निदान सहा महिन्यांचे दोन्ही पगार बँकेत असल्याशिवाय पाटी लावू नका. फ्रँचायझीच्या पुस्तिकेत जे लाख भिंतींवर आणि नावावर घालायला सांगतात, ते मी इथे ठेवीन.

जुन्या मावशींना मी परत बोलावलं. पाळी बदलून कंटाळल्या होत्या, आल्या. त्यांची नात वर्षाची झाली तेव्हा ती पण येऊ लागली, बिनफीची. दहात तिची जागा धरलेली, म्हणजे नऊ फी आणि दहा मुलं. ते २,८०० मी माझ्या वाट्यातून सोडले आणि ते दान वेगळ्या वहीत लिहिलं, कारण तेच काय ते दान होतं.

आता 'अर्ली लर्निंग'बद्दल. तीन वर्षांच्या मुलाची आई मला विचारते, "ए बी सी डी कुठपर्यंत आली?" तिचा दोष नाही, शेजारणीचं पोर पन्नासपर्यंत आकडे म्हणून दाखवतं. पण राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० साली ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे, खेळातून शिकण्याचा, आणि पहिलीचं वय ६ धरलं आहे. घाई कशाची आहे मग? आमच्याकडे मुलं वाटाणे सोलतात, डाळ-तांदूळ वेगळे करतात, उशा मोजतात, एकमेकांचे बूट जोडीने लावतात. यातून बोटं तयार होतात, मोजणं येतं, वर्गवारी येते. फक्त एक होतं, की हे पालकांना फोटोत दाखवता येत नाही.

आणि ही काही माझी अक्कल नव्हे. ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ काढला. पुढे १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला ग्रामीण भागातल्या मुलांसाठी बालवाडीचं काम सुरू केलं, १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. माँटेसरीची साधनं महाग होती, म्हणून त्यांनी शिंपले, बिया, पानं, खडे असं हाताशी मिळणारं सामान वापरलं. आदिवासी मुलं शाळेत येत नव्हती तेव्हा शाळाच त्यांच्या पाड्यावर, अंगणात नेली. म्हणजे बघा, सामान स्वस्त केलं, जागा बदलली, पण एक गोष्ट बदलली नाही. बोर्डीला १९४५ मध्ये अनुताई वाघ आल्या त्या ताराबाईंच्या सोबत राहिल्या, आणि १९७३ मध्ये ताराबाई गेल्यावरही १९९२ मध्ये स्वतःच्या अखेरीपर्यंत ते काम त्यांनी सोडलं नाही. आपल्या तक्त्यात आपण नेमकं उलट करतो. सामानाला लाख आणि माणसाला उरलेले.

तुम्ही म्हणाल, सगळ्यांनीच फी वाढवली तर दुकानात काम करणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या बाईने मूल कुठे ठेवायचं? हा आक्षेप खरा आहे आणि माझ्याकडे त्याचं पूर्ण उत्तर नाही. २०१७ मध्ये कायदा बदलला, पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची भरपगारी रजा झाली, आणि ५० किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचं झालं. पण आपल्या पेठेत ५० माणसांचं दुकान कितीसं? अंगणवाडी १९७५ पासून आहे, पण ती काही तासांची, संध्याकाळी सहापर्यंत नाही. पूर्ण वेळाची सोय सरकारने आणि मोठ्या मालकांनी पैसे घातल्याशिवाय गरीब बाईला परवडणार नाही. मी १,५०० रुपयांत ती सोय करू शकते हा माझा भ्रम होता. मी फक्त एका गरीब बाईच्या पगारातून दुसऱ्या बाईची सोय करत होते.

माझं आणखी एक मत पुष्कळांना पटत नाही, तरी सांगते. मी वर्षाच्या आतलं मूल घेत नाही. २६ आठवड्यांची रजा संपली की आया सहा महिन्यांचं बाळ घेऊन येतात, डोळ्यांत पाणी असतं, आणि मला नाही म्हणावं लागतं. तेवढ्या बाळाला दोघांमागे एक तरी बाई हवी. ती फी कुणाला सांगायचं धाडस मला होत नाही. दर वेळी नाही म्हटल्यावर दिवसभर वाईट वाटतं.

बाकी गोष्टी पटकन उरकते. पहिला आठवडा आईने सोबत बसायचं, पहिल्या दिवशी तासभर, मग हळूहळू उठून जायचं. न सांगता पळून जायचं नाही, मूल दाराकडे डोळे लावून बसतं. कॅमेरे लावा, पालकांना बरं वाटतं, पण कॅमेरा नाक पुसत नाही. सोसायटीत राहत असाल तर लेखी परवानगी आधी घ्या. संध्याकाळच्या जेवणाचा वेगळा आकार ठेवा. हे खास आपल्या घरांसाठी सांगतेय. हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आई सातला येते, म्हणून आपल्यातल्या आया म्हणतात की आधी जेवायला घालून ठेवा. दोन वर्षं मी ते फुकट केलं. खिचडी दिसायला साधी, पण तिच्यासाठी मावशी साडेचारला स्वयंपाकघरात जातात आणि मुलांजवळ एक माणूस कमी होतं. आता त्या वेळेला तिसऱ्या मावशी येतात, दोन तासांपुरत्या. त्यांचा पगार त्या खिचडीतून निघतो. डब्याचं म्हणाल तर कांदा-बटाटा आणणाऱ्या मुलांना मी कधी अडवलं नाही. ज्याचा डबा त्याने खावा. आपल्या घरची मुलं आपलं खातात, आणि तीन वर्षांची पोरं यावरून भांडत नाहीत, मोठेच भांडतात.

भाचीला मी हे सगळं दोन दिवस सांगत होते. तिने तिथेच बसून नवा कागद मांडला. कोल्हापूरचं भाडं, पंधरा मुलं, तीन मावशी, एक शिक्षिका, स्वतःचा पगार, राखीव. फी निघाली ती बघून तिचा चेहरा उतरला. "मामी, एवढे कोण देणार? शेजारी निम्म्यात मिळतं."

मी म्हटलं, पंधरा घरं देतात का ते बघ. कोल्हापूर शहराचं काम नाही आपल्याला, पंधरा घरांचं आहे. आणि दिली नाहीत तर आत्ताच कळेल, भिंती रंगवण्याआधी.

काल तिचा फोन आला होता. फ्रँचायझीवाल्यांना तूर्त नाही कळवलंय. जागा अजून बघितलेली नाही. तिच्या मुलाला बाळपणी तेल लावायला एक बाई यायच्या, त्यांना भेटून आली. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला म्हणे, "मे महिन्यात पगार देणार का?"